आम्ही एक जूनवाले

एक जूनला माझा वाढदिवस असतो, असं सरकार म्हणतं. आई म्हणते, मी करीच्या दिवशी झालो, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. बैलांच्या शिंगांना आदल्या दिवशीचं बेगड तसंच होतं आणि सुईण उरलेली पुरणपोळी खाऊन गेली, एवढं तिला पक्कं आठवतं. आता कुणाचं खरं धरायचं? आईजवळ पुराव्याला पुरणपोळी, सरकारजवळ शाळेचा दाखला. सरकार दर वेळी जिंकतं.

आणि मी एकटाच एक जूनचा असतो तर गोष्ट वेगळी होती. सेलू तालुक्यात वालूरच्या पुढं आमचं गाव. माझ्या वयाचं गावातलं कुणीही धरा, पोरगं असो पोरगी असो, एक जून. थोरला एक जून, धाकटा एक जून, त्यांचा चुलता एक जून. पहिलीत नाव घालताना शाळेत तारीख लागायची आणि घरच्यांना ती माहीत नसायची, मग गुरुजी आपल्या मनानं टाकायचे. जूनमध्ये शाळा उघडते, तोवर सहा वर्षं पुरी पाहिजेत, म्हणून एक जून. हिशेब सोपा, गुरुजी खूश, घरचे खूश. फजिती पुढं आमची व्हायची होती.

मी परभणी जिल्ह्यातल्या सुशिक्षित बेरोजगारांच्या एका संघटनेचा अध्यक्ष होतो. 'एका' म्हणतो, कारण बेरोजगार सगळे सारखेच असले तरी त्यांच्या संघटना बऱ्याच, आणि प्रत्येकीला अध्यक्ष लागतोच. स्थळं बघताना मामा सांगायचे, "पोरगा जिल्ह्याचा अध्यक्ष हाय." पाहुण्यांचे चेहरे उजळायचे. मग कुणीतरी चहाचा कप खाली ठेवून विचारायचं, "कशाचे?" तिथून पुढं बोलणं पावसापाण्यावर जायचं. अण्णांना, म्हणजे माझ्या वडलांना, कुणी विचारलं पोरगा काय करतो, तर ते नुसतं म्हणायचे, "परभणीला असतो."

पोटापाण्यासाठी मी स्टेशन रोडला मित्राच्या दुकानात बसून लोकांचे भरतीचे फॉर्म भरून द्यायचो. हा रोजगार नव्हे, असा ठराव आम्ही संघटनेत एकमतानं घेतलेला होता. सूचक मीच होतो.

काम मात्र मी मन लावून केलं, हे सांगितलंच पाहिजे, कारण दुसरं कुणी सांगणार नाही. पालम, सेलू, जिंतूर, कुठं कुठं म्हणून हिंडलो नाही! एसटीनं जायचं, तिथल्या अभ्यासिकेत शिरायचं, पुस्तकात मुंडी घालून बसलेल्या पोरांना म्हणायचं, "मित्रांनो, दोन मिनिटं." पोरं तोंडावर बोट ठेवायची. मग बाहेर चहाच्या टपरीवर संघटन व्हायचं. पहिला मोठा मोर्चा काढला तेव्हा मी असा दिवस निवडला, की त्याच दिवशी परीक्षा होती. जिल्ह्यातले झाडून सगळे बेरोजगार पेपर सोडवायला गेलेले. मोर्चाला मी, बँडवाले आणि बंदोबस्ताचे पोलीस. बँडवाल्यानं विचारलं, "साहेब, वाजवू का?" म्हटलं, वाजव बाबा, आता आलाच आहेस तर. नंतर कळलं, तो पेपर देणाऱ्यांत मीही होतो, माझं हॉलतिकीट मित्राच्या दुकानात पडून होतं.

पण आमचा गाजलेला कार्यक्रम म्हणजे सामूहिक वाढदिवस. भरतीची जाहिरात वर्षानुवर्षं निघत नाही आणि वय काही कुणासाठी थांबत नाही. एक दिवस माणूस वयाच्या मर्यादेबाहेर जातो. याला आमच्याकडं एजबार होणं म्हणतात. हा शब्द सातवी नापास म्हातारीलाही कळतो. "कामून रडायलीस गं?" "भाऊ एजबार झाला." एक जूनला आमच्यातले एकदम घाऊक एजबार व्हायचे. म्हणून दर एक जूनला कलेक्टर कचेरीसमोर मांडव घालायचा, केक कापायचा आणि घोषणा द्यायची, "वाढदिवस नको, वयोमर्यादा वाढवा!" पेपरवाल्यांना हे लय आवडायचं. बंदोबस्ताचा हवालदार दर वर्षी हळूच म्हणायचा, "साहेब, माझाबी एक जूनच हाय," आणि केकचा तुकडा कागदात बांधून न्यायचा.

त्या दिवशी माझं भाषण असायचं आणि भाषणात एक किस्सा असायचा. लोक उन्हात थांबायचे ते त्या किश्श्यासाठी. मी चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढायचो, मान तिरपी करायचो आणि गुरुजींचा आवाज काढायचो. "हं, कधीचं हाय लेकरू?" मग बाईचा आवाज, "गुरुजी, पाटलाची विहीर ढासळली बघा, त्या साली." "म्हणजे एक जून. चला, पुढचा!" "गुरुजी, ह्यो थंडीतला हाय." "एक जून. चला, पुढचा!" शेवटी मी म्हणायचो, "आमच्या गावच्या सुईणीनं वर्षभर झोपा काढल्या आणि एक जूनला अख्खं गाव एका दिवसात बाळंत केलं!" मांडव नुसता हसून लोळायचा. पोरं शिट्ट्या मारायची.

ते गुरुजी म्हणजे माझे वडील, हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. किश्श्यात ते बसत नव्हतं.

हे माहीत असलेली एकच व्यक्ती संघटनेत होती, आमच्या उपाध्यक्ष ताई. आमच्याच गावच्या, गुरुजींच्या हाताखाली शिकलेल्या, डी.एड. झालेल्या आणि पालमला दिलेल्या. माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान, पण मी त्यांना ताईच म्हणायचो, कारण त्या बोलायला लागल्या की आपोआप धाकटं झाल्यासारखं वाटायचं. किस्सा चालू असताना त्या कधी हसायच्या नाहीत. पदर डोक्यावर ओढून केक वितळतोय का बघत बसायच्या.

आता माझ्या अकलेचा दुसरा नमुना. संघटनेची घटना मी लिहिली. माझ्या आधी जे अध्यक्ष होते ते एजबार होऊन जमाना झाला होता, तरी खुर्ची सोडत नव्हते. त्यांना घालवायचं म्हणून मी कलम घातलं, 'जो स्वतः भरतीच्या वयात आहे तोच पदावर राहील.' टाळ्या पडल्या. माजी अध्यक्ष उठले, मला नमस्कार केला, म्हणाले, "वय तुलाबी येणार हाय रे बाबा," आणि बसस्टँडजवळ रसवंती टाकून बसले. मला वाटलं, पोटदुखी आहे बिचाऱ्याची.

आणि आलं की वय! परवाच्या मे महिन्यात कृषी विद्यापीठाच्या रस्त्याला एका लिंबाखाली आमची बैठक बसली. विषय एकच, एक जूनचा कार्यक्रम. शेवटी अध्यक्षांच्या परवानगीनं येणाऱ्या विषयात ताई उभ्या राहिल्या. "अध्यक्ष, ह्या एक जूनला तुमी एजबार व्हायलाव. कलम तुमीच लिवलंय. मग पुढं काय?"

खोटं कशाला बोलू, नोकरीची आशा केव्हाच गेली होती, तिचं काही वाटलं नाही. पण अध्यक्षपद गेलं तर मी कोण? नोकरीवाला नाही, शेतात मन रमत नाही, आणि आता बेरोजगारसुद्धा नाही. एजबार माणसाला सरकार बेरोजगारातही धरत नाही. तो नुसता असतो. मला नुसतं असायचं नव्हतं. निदान दोन-तीन महिने तरी मिळावेत, तेवढ्यात वयोमर्यादा वाढेल, काहीतरी होईल, असं मनात धरून मी तोंड उघडलं.

"मी एक जूनचा नाहीच," मी म्हणालो. "मी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा आहे. माझं खरं वय अजून बसतंय."

सगळे जे हसले म्हणता! जिंतूरचा एक जण म्हणाला, "मग काय, आमी सगळे एक जूनचे हाव? माझी माय म्हणती मी संक्रांतीचा!"

"पुरावा काय?" त्यानंच विचारलं.

"आई आहे."

"आईचं धरलं तर अख्खा जिल्हा बसंल वयात. ज्यानं तारीख लिवली त्या गुरुजीला आणा. त्यानं सांगावं चारचौघात."

मी म्हणालो, "ते आता म्हातारे झालेत, कुठं त्रास द्यायचा त्यांना..."

"आणते मी," ताई म्हणाल्या. "आमच्याच गावचे हायत. प्रमुख पाहुणे म्हणूनच बोलावू." आणि माझ्याकडं बघून पहिल्यांदाच हसल्या.

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. घरी फोन केला तर आई म्हणाली, "लय आनंदात हायत. पोरानं कार्यक्रमाला बोलावलं म्हणून गावभर सांगायलेत. पांढरा सदरा धुऊन ठिवलाय, मला हात लावू देईनात." मी म्हणालो, "ऊन लय हाय आई, येऊ नका म्हण त्यांना." ती म्हणाली, "तूच सांग." माझ्यानं झालं नाही. मनात दोन माणसं भांडत होती. एक म्हणत होता अण्णा येऊ नयेत, दुसरा म्हणत होता यावेत आणि एकदाचं सांगावं, की हो, माझ्या लेकराची तारीख खोटी. मला माझ्या बापाची साक्ष हवी होती आणि माझा बाप त्या मांडवात नको होता.

एक जूनला परभणीत ऊन असं, की केकवरचं 'वाढ' मांडवात येईपर्यंत वितळून गेलं, नुसता 'दिवस' राहिला. अण्णा अकराच्या गाडीनं आले. पांढरा सदरा, टोपी, काखेत छत्री. ताई त्यांना धरून घेऊन आल्या, पाया पडल्या, पुढच्या खुर्चीवर बसवलं. त्यांनी मांडव नीट बघून घेतला, माझ्या नावापुढं 'अध्यक्ष' लिहिलेला फलक ओठ हलवत वाचला, आणि शेजारच्याला म्हणाले, "हा आमचा." शेजारी रसवंतीवाले माजी अध्यक्ष होते. ते म्हणाले, "असं व्हय!" आणि माझ्याकडं असं बघितलं, की मला मांडवाच्या खड्ड्यात उतरावंसं वाटलं. दहा मिनिटांत ही बातमी शेवटच्या रांगेपर्यंत गेली.

मी भाषणाला उभा राहिलो. ठरवलं होतं, आज सरकारवर बोलायचं, आकड्यांवर बोलायचं, किस्सा नाही. दोन वाक्यं झाली नाहीत तोच मागून आवाज, "गुरुजीचा किस्सा!" मग सगळेच, "किस्सा! किस्सा!" मुडदे बसवले यांचे, मी मनात म्हटलं. ऐकायलाच आले नव्हते ते, बघायला आले होते. मी म्हणालो, "आज वेळ कमी आहे." हवालदारसुद्धा म्हणाला, "सांगा की साहेब, दरसाल सांगता."

अण्णांनी मान वर केली. "कोणता किस्सा?" त्यांनी विचारलं. शिकवताना प्रश्न विचारायचे तसं, अगदी साधं.

मग सांगितला मी. चष्मा ओढला नाही, आवाज काढला नाही, एखाद्या पोरानं पाठ न केलेली कविता म्हणावी तसा अडखळत सांगितला. सुईणीपाशी आलो आणि थांबलो. कुणी हसलं नाही. अण्णा मात्र हसले. एकटेच. "सुईण लय मेहनती होती रे आपली," म्हणाले. "तिला कामून नाव ठिवतूस?"

ताई उठल्या आणि माइक त्यांच्या हातात दिला. "गुरुजी, एकच विचारायचंय. अध्यक्षाचं पद त्याच्यावर हाय. तुमचं लेकरू कवाचं? एक जूनचं का पोळ्याचं?"

अण्णा माइक हातात घेऊन उभे राहिले. वाटलं, एवढा एक शब्द बोला अण्णा, पोळा. जन्मात काही मागितलं नाही. मागितलं होतं, पण ते वेगळं.

"शाळेत जे लिवलंय तेच," अण्णा म्हणाले. "एक जून."

मांडवात कुजबूज झाली. अण्णांनी हात वर केला, आणि काय आश्चर्य, बेरोजगार गप्प बसले.

"माझ्या पोराची तेवढी तारीख खोटी, असं म्हणू का?" ते म्हणाले. "मग ह्या ताईची? त्या तिकडल्याची? तुमच्या मायांना मी नीट विचारलं न्हाई, हे खरं हाय. विचारलं तर त्या खरं सांगायच्या. सांगितलं तर लेकरू दोन-तीन महिन्यांनी कमी भरायचं. मग म्हणावं लागायचं, पुढल्या साली आणा. पुढल्या साली म्हणून परत धाडलेलं लेकरू पुन्हा शाळेत आलेलं मी तर बघितलं न्हाई. गुरांमागं गेलं की गेलं. म्हणून दारात आलं त्याच दिवशी आत घेतलं. त्यापायी तुमी एजबार झालाव, ते मला कळतंय. पण मी ते पुन्हा तसंच करीन." मग त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. मी वर्षानुवर्षं नक्कल करत आलो होतो तीच मान, तोच तिरपा कोन. म्हणाले, "एक जून. चला, पुढचा!"

काय हसले लोक, काय हसले! शिट्ट्या, टाळ्या, कुणी खुर्चीवर चढलं. माझा किस्सा एवढा कधीच रंगला नव्हता. त्या गोंधळात ताई अध्यक्ष झाल्या आणि मला मार्गदर्शक केलं. मार्गदर्शक म्हणजे ज्याला मांडवाच्या कामाला बोलावतात आणि बैठकीला बोलवायचं विसरतात. केक अण्णांनी कापला. हवालदारानं त्याचा तुकडा बांधून घेतला. येताना माजी अध्यक्षांच्या रसवंतीवर बसलो तर म्हणाले, "या, माजी! बर्फ टाकू का?" मी म्हणालो, टाका.

अण्णांना गाडीत बसवून दिलं. वाटलं काही बोलतील. छत्री खिडकीशी उभी केली, म्हणाले, "सदरा घामानं खराब झाला," आणि गाडी निघाली. मला राग आला होता, सांगतो. जगाच्या लेकरांना दार उघडं आणि घरच्या लेकराला कुलूप! असा राग धरून मी अडीच-तीन महिने गावी गेलो नाही. दुकानात फॉर्म भरत बसलो. जन्मतारखेच्या रकान्यात एक जून टाइप करताना बोट उगाच जोरात पडायचं.

पोळ्याला मात्र आईनं बोलावलं. गेलो. पोळा झाला, बैल मिरवले, जेवणं झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी मला उठवलं. हातात कागदाच्या पुडीत पेढे. आदल्या दिवशीच वालूरहून आणून लपवून ठेवले होते म्हणे. माझ्या सबंध आयुष्यात अण्णांनी या दिवशी मला पेढा दिलेला मला आठवत नाही. आमच्या घरात ही तारीखच नव्हती.

"ऊठ," म्हणाले. "आज झालास तू एजबार. कालपर्यंत न्हवतास. मला ठाऊक हाय."

आई चुलीपासून म्हणाली, "मी तवाच म्हणलं होतं, खरं लिवा."

"म्हणली होतीस," अण्णा म्हणाले. ते माझ्या अंथरुणाच्या कडेला बसले, चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं उगाच पुसत राहिले. मग म्हणाले, "मांडवात मी जे बोललो ते दुसऱ्यांच्या लेकरांचं होतं. त्यांना परत धाडलं असतं तर ती गेली असती गुरांमागं. तुझं तसं न्हवतं. तू मास्तराचं लेकरू, तू पुढल्या सालीबी शाळेत आलाच असतास. तुझी तारीख मला पक्की ठाऊक होती. तरी बदलली."

"का पण?" मी विचारलं.

"घाई झाली मला," अण्णा म्हणाले. "म्हणलं, एक साल लवकर नोकरीला लागशील."